विक्रम, वेताळ आणि आत्याची पेन्सिल

लहानपणी आवडलेली पुस्तके मोठेपणी पुन्हा वाचू नयेत, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तेव्हाचा डोंगर आता टेकाड दिसतो आणि उगीच हिरमोड होतो, असे त्यांचे म्हणणे. मीही या मताची होते. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्यावर असा प्रसंग आला, की वाचल्यावाचून गत्यंतरच उरले नाही. त्या वाचनाची ही हकीकत आहे.

भाईंदर पश्चिमेला आमची चार मजली इमारत आहे. माझे आजोबा १९८६ साली लालबागची चाळ सोडून इथे राहायला आले, तेव्हा ती नवी होती. खाडीवरचा खारा वारा आणि चाळीस पावसाळे खाऊन आता तिच्या सळया बाहेर डोकावू लागल्या आहेत. ती पाडून नवी बांधायची ठरली, आणि दोन वर्षांसाठी भाड्याच्या लहान जागेत जायचे म्हणून घरात आवराआवर सुरू झाली. काय न्यायचे, काय रद्दीत घालायचे, याचा निवाडा करण्याचे काम माझ्याकडे आले. कारण उघड होते. मी कला शाखेची. घरच्यांच्या मते मला वेळच वेळ!

पोटमाळ्यावर पत्र्याची एक ट्रंक होती. तिच्यात जाड पुठ्ठ्याचे बाइंडिंग केलेले ‘चांदोबा’चे आठ खंड निघाले. ते माझ्या ओळखीचेच होते. मी सातआठ वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत विरारहून आत्या यायची, आणि दुपारी हे खंड काढून मला वाचून दाखवायची. ‘चांदोबा’त तशा पुष्कळ गोष्टी असत, पण आम्हा दोघींची खरी आवड एकच, विक्रम आणि वेताळ. राजाचे उत्तर ज्या परिच्छेदात असे, त्यावर आत्या तळहात ठेवायची आणि म्हणायची, “आधी तू सांग. नाही सांगितलंस तर डोकं फुटेल.” मी काहीतरी ठोकून द्यायची. मग ती हात काढायची.

रद्दीत घालण्यापूर्वी एकच गोष्ट वाचावी म्हणून मी ट्रंकेपाशी बसले. उठले तेव्हा दिवे लागले होते.

ज्यांनी ‘चांदोबा’ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. माझ्या वर्गात असे बरेच जण आहेत. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून हे मासिक प्रथम तेलुगू आणि तमिळ भाषांत काढले. मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली सुरू झाला. मासिक निघे मद्रासच्या वडपळणी भागातून. तेलुगू कथालेखक कोडवटिगंटि कुटुंबराव यांनी अनेक वर्षे त्याच्या संपादनाची धुरा वाहिली. चित्रे एकदाच काढली जात आणि तीच सर्व भाषांतल्या अंकांत छापली जात. म्हणूनच आपल्या मराठी गोष्टीतल्या देवळावर गोपुर दिसे आणि राजकन्येच्या वेणीत भरघोस दाक्षिणात्य गजरा. लालबागच्या चाळीतल्या मुलांना त्याचे काही वाटले नाही, मलाही वाटले नाही. गोष्टीतला देश असाच असतो, अशी आमची समजूत होती. १९९८ मध्ये मासिक बंद पडले, १९९९ अखेर पुन्हा निघाले, पुढे मालकी बदलली आणि २०१३ च्या सुमारास ते कायमचे थांबले. विक्रमवेताळाचे ते प्रसिद्ध चित्र, तलवार उपसून चाललेला राजा आणि त्याच्या खांद्यावर लोंबणारे प्रेत, काढणारे चित्रकार शंकर २०२० मध्ये वारले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

या मालिकेची घडण अगदी साधी. राजा झाडावरचे प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो आणि स्मशानाची वाट धरतो. प्रेतात शिरलेला वेताळ बोलू लागतो. वाटेचा शीण जाणवू नये म्हणून गोष्ट सांगतो आणि शेवटी एक प्रश्न विचारतो. अट अशी, की उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील. आणि बोलला तर मौन मोडेल व वेताळ प्रेतासह पुन्हा झाडावर. राजा बोलतो. वेताळ जातो. पुढच्या महिन्यात राजा पुन्हा झाडापाशी.

लहानपणी मला हा राजा भारी मूर्ख वाटे. दर महिन्याला तीच चूक! शाळेत एवढ्या वेळा चुकले असते तर बाईंनी बाकावर उभे केले असते. वेताळ मात्र हुशार वाटायचा. आता पुन्हा वाचताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की राजाला ती अट पुरेपूर समजलेली आहे. बोललो की श्रम फुकट, हे त्याला ठाऊक असते. तरी तो बोलतो. प्रश्न न्यायाचा असतो आणि न्याय सांगणे हे राजाचे कामच आहे. जीव वाचवण्यासाठी बोलतो हे खरे, पण खोटे किंवा अर्धवट उत्तर देऊन वेळ मारून नेत नाही. तशी पळवाट काढायचे त्याच्या मनातच येत नाही. लहानपणी जो मूर्खपणा वाटला, तो शब्दाला जागण्याचा हट्ट होता.

हे लक्षात आल्यावर उत्सुकता वाढली आणि मी आमच्या ग्रंथालयातून ‘कथासरित्सागरा’चा मराठी अनुवाद काढला. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या या संस्कृत ग्रंथात ‘वेतालपंचविंशति’ सामावलेली आहे. तिथे पहिल्याच पानावर मला सुखद धक्का बसला. ज्याला आपण उज्जैनीचा विक्रम म्हणतो, तो सोमदेवाच्या कथेत त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी आहे गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण! सोमदेवाने ज्या ग्रंथाच्या आधारे लिहिले, ती गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ही पैशाची भाषेत आणि सातवाहन राजाच्या आश्रयाने रचली गेली, अशी परंपरा सांगते. म्हणजे पैठणची गोष्ट काश्मीरला गेली, संस्कृत झाली, शतकांनंतर मद्रासला पोचली आणि तिथून छापील होऊन लालबागला परत आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीही ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली होती. मराठी गद्याच्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांत तिची गणना होते.

वेताळ तर आपल्या घरचाच. आमचे मूळ गाव वेंगुर्ला तालुक्यात. तिथे आरवलीला श्री देव वेतोबाचे देऊळ आहे. नवस फेडताना त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. आजोबा आम्हांला सांगत, “पुस्तकातला वेताळ झाडावर लटकतो. आपला चालतो.” तळकोकणात आणि गोव्यात वेताळ हा भिववणारा कमी आणि राखणारा अधिक. सोमदेवाच्या कथेचा शेवट वाचल्यावर आजोबांचे म्हणणे मला नव्याने पटले. ते पुढे येईलच.

मूळ पंचविशीतल्या काही गोष्टी फार गमतीच्या आहेत. तीन भाऊ असतात, तिघेही नाजूकपणात एकापेक्षा एक. एकाला उत्तम भातातही स्मशानाच्या धुराचा वास येतो, कारण तांदूळ स्मशानाजवळच्या शेतातला असतो. दुसऱ्याला एका सुंदर स्त्रीच्या अंगाला शेळीच्या दुधाचा वास येतो; ती लहानपणी त्याच दुधावर वाढलेली असते. तिसरा सात गाद्यांवर झोपतो आणि ओरडत उठतो. सर्वांत खालच्या गादीखाली एक केस असतो आणि त्याचा वळ त्याच्या अंगावर उठलेला असतो. सर्वांत नाजूक कोण? राजा तिसऱ्याच्या बाजूने निकाल देतो. वळ डोळ्यांनी दिसतो, पहिल्या दोघांना कदाचित कुणी आधी सांगितलेही असेल. पुराव्याचा केवढा नेमका विचार! डेन्मार्कच्या हान्स अँडरसनने गाद्यांखालच्या वाटाण्याची गोष्ट १८३५ मध्ये छापली. तिच्या आधी सुमारे आठ शतके हा केस आपल्याकडे टोचत होता.

दुसरी गोष्ट मस्तकांच्या अदलाबदलीची. नवरा आणि भाऊ दोघांची मुंडकी देवीपुढे तुटलेली आहेत. देवीच्या वराने ती धडांना जोडताना बायकोच्या हातून अदलाबदल होते. आता नवरा कोण? राजा म्हणतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचे मस्तक तो, कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. जर्मन कादंबरीकार थॉमस मान याने १९४० मध्ये याच कथेवर लघुकादंबरी लिहिली आणि गिरीश कार्नाडांनी १९७१ च्या सुमारास ‘हयवदन’ नाटक. दोघांनाही राजाचे उत्तर पुरले नाही. म्हणूनच त्यांना लिहावेसे वाटले असणार.

इथे मला मालिकेचे मर्म सापडले असे वाटते. मूळ गोष्टी चोवीसपंचवीसच. पण ‘चांदोबा’ने ती चौकट घेतली आणि जुन्यानव्या कितीतरी कथा वेताळाच्या तोंडी घातल्या. पंचविशी शेकड्यांवर गेली. हे जमले, कारण चौकटीत उत्तरापेक्षा प्रश्नाला मोल आहे. उत्तर मिळाले की गोष्ट संपत नाही, उलट वेताळ झाडावर जातो आणि नवा प्रश्न घेऊन येतो. राजाचे उत्तर हा एका शहाण्या माणसाचा निकाल. वाचणाऱ्याने तो मान्य केलाच पाहिजे अशी सक्ती कुठेच नाही. आत्याचा तळहात हेच शिकवत होता.

आणि आत्याने तळहाताखेरीज आणखीही काही केले होते, हे मला दिवाळीत कळले. लहानपणी मी चित्रांकडे पाहत असे. समासाकडे कोण पाहतो? आता पाहिले, तर राजाच्या उत्तराशेजारी बारीक पेन्सिलीने शेरे लिहिलेले. पहिल्या खंडात नुसते ‘बरोबर’, ‘चूक’. अक्षर गोल, शाळकरी. पुढे पुढे शेरे लांबत गेले आहेत. एके ठिकाणी ‘राजाला हिशेब येत नाही’. एके ठिकाणी ‘चोराची बाजू कोणी ऐकली नाही’. ज्या गोष्टीत तीन तरुण एका राजकन्येसाठी पराक्रम करतात आणि खरा वर कोणता असा प्रश्न असतो, तिथे राजाने अर्ध्या पानाचा युक्तिवाद केला आहे आणि त्याच्या कडेला आत्याने लिहिले आहे: ‘हिला विचारलं का?’

तसल्या गोष्टी ‘चांदोबा’त बऱ्याच. प्रत्येकीच्या कडेला तोच प्रश्न. एके ठिकाणी तर कंटाळून फक्त ‘पुन्हा तेच’.

मी ‘कथासरित्सागर’ पुन्हा उघडला. त्यात मंदारवतीची कथा आहे. तिला मागणी घालणारे तीन तरुण. ती अचानक मरते. एक तरुण तिच्या राखेवर झोपून दिवस काढतो, दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो, तिसरा भटकत भटकत मृताला उठवण्याचा मंत्र मिळवतो. तिघे एकत्र येतात, मंत्राने ती जिवंत होते, आणि लगेच ती कोणाची यावरून तिघांचे भांडण. राजा निकाल देतो: जीव दिला तो पित्यासमान, अस्थी नेल्या तो पुत्रासमान, राखेला कवटाळून राहिला तोच पती. उत्तर चतुर आहे, तर्कशुद्ध आहे. पण मंदारवती तिथेच उभी आहे, जिवंत, आणि सबंध कथेत ती कोणाची याबद्दल तिला एक शब्दही कोणी विचारत नाही. राजा नाही, वेताळ नाही, सोमदेव नाही. आमच्या आत्याला चौदाव्यापंधराव्या वर्षी जे दिसले, ते मला विसाव्या वर्षी, ते सुद्धा तिची पेन्सिल पाहिल्यावर दिसले.

आठवा खंड बारीक आहे. त्यात दोनच अंक, १९८२ चे जानेवारी आणि फेब्रुवारी. पुढे काही नाही. असे का, हे विचारायची गरज नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आजोबा गिरणीत होते. पगार थांबला, तेव्हा ‘चांदोबा’ही थांबला. आत्या त्या वर्षी एस.एस.सी. झाली. गुण चांगले होते. पण अकरावीला तिने प्रवेश घेतला नाही. घरी बसून साड्यांना फॉल-बीडिंग करू लागली आणि चार वर्षांनी तिचे लग्न झाले. बाबा तिच्याहून पाच वर्षांनी लहान, ते पुढे बी.कॉम. झाले. ही हकीकत आमच्या घरात सर्वांना माहीत आहे. इतकी माहीत, की तिच्याविषयी कधी कोणी बोलतच नाही.

पुढच्या रविवारी आत्या आली. मी खंड तिच्यापुढे ठेवला आणि समासावर बोट ठेवले.

“आत्या, हे तू लिहिलंस?”

तिने चष्मा लावला. “मीच गो. अक्षर बघ कसं होतं तेव्हा!”

“आणि तुला कोणी विचारलं होतं? तेव्हा, अकरावीच्या वेळी?”

बाबा समोरच वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधत होते. त्यांचे हात थांबले नाहीत, पण सुतळीची गाठ मात्र दोनदा सुटली.

आत्या थोडा वेळ पाने चाळत राहिली. मग म्हणाली, “नाही विचारलं. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. घरात पैसे नव्हते ते मला काय दिसत नव्हतं? कदाचित मीच नको म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं.”

एवढेच. मग ती उठून आईला मदत करायला स्वयंपाकघरात गेली.

आता सोमदेवाचा शेवट सांगते. ‘चांदोबा’त हा शेवट आम्हांला कधी भेटला नव्हता. मासिकाला दर महिन्याला वेताळ झाडावर हवाच. मूळ कथेत शेवटच्या खेपेला वेताळ असा प्रश्न घालतो: एका पितापुत्रांना वाटेत दोन स्त्रियांच्या पाऊलखुणा दिसतात. मोठ्या पावलांची ती पित्याने वरायची, लहान पावलांची मुलाने, असे ठरते. प्रत्यक्षात मोठी पावले मुलीची निघतात आणि लहान आईची. शब्द पाळून बापाचे लग्न मुलीशी आणि मुलाचे आईशी होते. पुढे त्यांना मुले झाली, तर त्या मुलांचे परस्पर नाते काय? राजाने विचार करून पाहिला, उत्तर सापडले नाही, आणि तो मुकाट्याने चालत राहिला. वेताळाने ओळखले, की हा ठाऊक असून गप्प बसलेला नाही; याला खरोखरच ठाऊक नाही. डोके फुटले नाही, मौनही मोडले नाही. प्रसन्न होऊन वेताळाने त्याला सावध केले: ज्या भिक्षूसाठी तू हे प्रेत नेतो आहेस, तो तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू म्हण, मला येत नाही, आधी करून दाखव. राजाने तसे केले आणि वाकलेल्या भिक्षूचे मस्तक उडवले. झाडावरचा वेताळ अखेर राखणाराच निघाला, आमच्या वेतोबासारखा.

वर मागताना राजाने काय मागितले? या कथा जगात प्रसिद्ध व्हाव्यात, एवढेच. तो वर फळाला आला, याला आमची ट्रंक साक्ष आहे.

परीक्षा देऊन देऊन आम्हा विद्यार्थ्यांची अशी समजूत झालेली असते, की उत्तर येणे म्हणजे जिंकणे आणि न येणे म्हणजे हरणे. वेताळाच्या परीक्षेत मात्र उलटेच घडते. अचूक उत्तरे देत राहिला तोवर राजा त्याच वाटेवर फिरत राहिला. प्रामाणिकपणे निरुत्तर झाला त्या रात्री तो पुढे गेला. पण ही सवलत फक्त न कळणाऱ्याला आहे. कळत असून गप्प बसणाऱ्याला वेताळाने कधीच माफ केलेले नाही. या दोन मौनांतला फरक समजून घ्यायला मला बारा वर्षे आणि एक रविवार लागला. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आमच्या घरातले १९८२ चे मौन यांपैकी कोणते होते, याचा निकाल मी देणार नाही. उपाशी घरातल्या माणसांना आज पोटभर जेवून जाब विचारणे सोपे आहे. आजोबा आता नाहीत. त्यांना काय कळत होते आणि काय नाही, हे मला ठाऊक नाही.

आपल्या वर्गांत मात्र दोन्ही मौने रोज भेटतात. मी स्वतः दुसऱ्या प्रकारच्या मौनात बरीच वर्षे काढली. मागच्या बाकावर बसून, उत्तर येत असून, कोण हसेल म्हणून. त्यासाठी डोके फुटत नाही, हे वेताळाने खोटे सांगितले. पण काहीतरी होते खरे.

राहिला खंडांचा प्रश्न. संध्याकाळी पाहिले, तर आठही खंड रद्दीच्या गठ्ठ्यांत नव्हते. बाबांनी ते वेगळे बांधून ‘न्यायचे’ लिहिलेल्या खोक्यात वरच ठेवले होते. याबद्दल ते कोणाशी काही बोलले नाहीत. रात्री आत्याला स्टेशनवर सोडायला मात्र स्वतः गेले, आणि नेहमी दहा मिनिटांत परतणारे बाबा त्या दिवशी तासाभराने आले. काय बोलणे झाले, मी विचारले नाही.